उराशिमा तारोचे थरचित्र : प्रकल्प नोंदी

१२ मे २०२५

पुण्यातील जपानी भाषेच्या एका वर्गाने आपल्या वाचनखोलीसाठी कागदाचे थरचित्र, म्हणजे कापलेल्या कागदांचे थर एकामागे एक बसवून केलेले चित्र, मागितले आहे. विषय जपानी समुद्रकथेचा असावा, चित्र मागून उजळावे आणि ते भिंतीवर टांगता यावे, एवढ्याच त्यांच्या अटी आहेत. चौकटीचे बाहेरचे माप ६० बाय ४० सेंटिमीटर आणि खोली ९ सेंटिमीटर ठरली.

चर्चेत तीन कथा होत्या. रात्रीच्या समुद्रातून अचानक वर येऊन नाविकाला अडवणारा काळा, केसविरहित उमिबोझू ही पहिली. ११८५ साली दान-नो-उराच्या आरमारी लढाईत बुडालेल्या ताइरा घराण्याची भुते ही दुसरी, आणि उराशिमा तारो ही तिसरी. उमिबोझूची गोष्ट चित्रात उत्तम दिसते, पण एक काळी आकृती आणि एक लाट कापली की ती संपते. तिच्यासाठी नऊ थर मांडणे म्हणजे कागदाची उधळपट्टी होईल. ताइरांच्या कथेत जहाजांची आणि माणसांची एवढी दाटी आहे की मागचे थर पुढच्यांमागे झाकले जातील. उराशिमाच्या कथेत मात्र दोन किनारे आहेत, मधे समुद्र आहे आणि दोन्ही किनाऱ्यांवर काळ वेगवेगळ्या गतीने चालतो, त्यामुळे पुढे काय असावे आणि मागे काय असावे हा प्रश्न ती स्वतःच उभा करते. तीच कथा पक्की केली.

१६ मे

कागदाला हात लावण्यापूर्वी कोणत्या काळातील उराशिमा कापायचा हे ठरवणे भाग आहे, कारण या कथेला तेराशे वर्षांचा लिखित इतिहास आहे आणि प्रत्येक टप्प्यावर तिचे दृश्य बदलत गेले आहे.

सर्वांत जुनी नोंद ७२० साली पूर्ण झालेल्या ‘निहोन शोकी’ या राजवृत्तांतात सापडते. सम्राट युर्‍याकूच्या कारकिर्दीच्या बाविसाव्या वर्षी, म्हणजे रूढ कालगणनेनुसार ४७८ साली, योसा भागातला उराशिमाको नावाचा माणूस होडीतून मासेमारी करत असताना त्याला एक मोठे कासव मिळाले, ते कासव स्त्री झाले, त्याने तिच्याशी विवाह केला आणि दोघे समुद्रात जाऊन होराई या अमरांच्या भूमीला पोहोचले. मजकूर जेमतेम काही ओळींचा आहे आणि राजाच्या कारभाराच्या नोंदींमध्ये तो निर्विकारपणे बसवलेला आहे.

त्याच शतकातला तांगो प्रांताचा ‘फुदोकी’, म्हणजे प्रांतवर्णनाचा ग्रंथ, मूळ रूपात उरलेला नाही. पुढच्या काळातील ग्रंथांनी दिलेल्या उताऱ्यांमधूनच तो आपल्यापर्यंत येतो, पण त्यातली हकिगत बरीच भरलेली आहे. तीन दिवस आणि तीन रात्री गळाला एकही मासा लागत नाही आणि मग पाच रंगांचे कासव मिळते. समुद्रातल्या त्या बेटाच्या दारात आधी सात मुले आणि नंतर आठ मुले सामोरी येतात, आणि ती कृत्तिका व रोहिणी या तारकापुंजांची मुले असल्याचे सांगितले जाते. तिथे तीन वर्षे जातात आणि इकडे गावात तीनशेहून अधिक वर्षे उलटलेली असतात.

‘मान्योशू’ या काव्यसंग्रहाच्या नवव्या खंडात ताकाहाशी नो मुशिमारोची उराशिमावर एक दीर्घ कविता आहे आणि तिच्यात कासव अजिबात नाही. तरुण बोनितो आणि ताई मासे पकडण्याच्या नादात सात दिवस घरी न परतता वल्हवत राहतो आणि समुद्राच्या सीमेपलीकडे त्याला समुद्रदेवाची कन्या भेटते. शेवटही कठोर आहे: निरोपाच्या वेळी तिने दिलेली, उघडू नको असे बजावलेली पेटी उघडताच पांढरा ढग बाहेर पडून दूरच्या देशाकडे निघून जातो, तो धावतो, ओरडतो, बाह्या हलवतो, जमिनीवर लोळतो, आणि त्वचा सुरकुतून, केस पांढरे होऊन अखेर त्याचा श्वास थांबतो.

मुरोमाची काळातील (चौदावे ते सोळावे शतक) ‘ओतोगिझोशी’ या लोकप्रिय गोष्टींमध्ये त्याला ‘उराशिमा तारो’ हे नाव मिळते, आणि अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ओसाकाच्या एका प्रकाशकाने तेवीस गोष्टींचा जो संच छापला त्यात ही गोष्ट आल्याने तिचे ते रूप सर्वदूर पोहोचले. आज जपानमधले प्रत्येक मूल जी गोष्ट जाणते, म्हणजे किनाऱ्यावर मुले कासवाला छळत आहेत, तारो त्याला सोडवतो आणि कासव त्याला पाठीवर घेऊन समुद्राच्या तळाशी नेते, ती मेइजी काळातील (१८६८ ते १९१२) बालसाहित्य आणि शालेय पाठ्यपुस्तके यांतून घट्ट झाली. वर्गातल्या विद्यार्थ्यांनाही हीच माहीत आहे.

२१ मे

आज जो निर्णय घेतला तो या कामाचा पाया आहे, म्हणून त्याची कारणे सविस्तर लिहून ठेवत आहे.

कच्चा आराखडा काढताना मी स्वाभाविकपणे पाण्याखालचा राजवाडा रेखाटू लागले होते. वर पाण्याचा पृष्ठभाग, मधे पोहणारे कासव आणि सर्वांत मागच्या थरात र्‍यूगू, म्हणजे नागराजाचा महाल. छोट्या प्रतिकृतीमागे दिवा धरल्यावर या मांडणीतली विसंगती उघड झाली. मागून उजळणाऱ्या थरचित्रात सर्वांत मागचा थर सर्वाधिक तेजस्वी दिसतो, कारण त्याच्या आणि दिव्याच्या मधे काहीच नसते, आणि पुढे येणारा प्रत्येक थर अधिकाधिक गडद होत जातो. समुद्रात खाली जाताना याच्या नेमके उलट घडते: जितके खोल जावे तितका प्रकाश कमी. त्यामुळे मागे ठेवलेला महाल तळाशी आहे असे डोळ्याला वाटतच नाही, तो क्षितिजाजवळ उजाडत असल्यासारखा दिसतो. थर वाढवून किंवा रंग बदलून हे झाकता येईल, पण माध्यमाशी शेवटपर्यंत भांडत बसावे लागेल.

मग ओतोगिझोशीतला मजकूर वर्गाच्या शिक्षिका, म्हणजे सेन्सेई, यांच्याकडून ओळीने समजून घेतला. त्या गोष्टीत तारो पाण्याखाली जातच नाही. तो गळाला लागलेले कासव सोडून देतो, नंतर होडीतून एकटी वाहत आलेली स्त्री, जी खरे तर तेच कासव असते, त्याला आपल्या देशी पोहोचवण्याची विनंती करते, दोघे दहाहून अधिक दिवस वल्हवत जातात आणि एका किनाऱ्याला लागतात. तिथे चांदीच्या भिंती आणि सोन्याच्या कौलांचा वाडा आहे. फुदोकीतही तो विस्तीर्ण समुद्रातल्या बेटावरच जातो. जुन्या कथांमधला तो देश अशा रीतीने समुद्रापलीकडे, दूर आहे, आणि कागदाच्या थरांना जी खोली साधते ती याच दिशेची आहे. जवळचे गडद, दूरचे फिकट आणि सर्वांत दूरचे उजळ, हा क्रम दिवा लावताच आपोआप मिळतो.

सबब, हे चित्र ओतोगिझोशीतल्या उराशिमाचे असेल आणि त्यात पाण्याखालचे काहीही नसेल. वर्गातल्या काहींना कासवाच्या पाठीवर बसलेला तारो दिसणार नाही याची रुखरुख आहे. ‘सगळ्यांना माहीत असलेले चित्र तर पुस्तकात आहेच,’ असे म्हणून सेन्सेईंनी तो विषय मिटवला.

थरांचा क्रम पुढून मागे असा ठरला: पहिला थर दोन किनाऱ्यांचा, दुसरा ते पाचवा लाटांचे, सहावा धुक्याचा, सातवा वाड्याच्या भिंतीचा, आठवा चार ऋतूंचा आणि नववा होराई पर्वताचा.

२७ मे

पहिल्या थराची मांडणी झाली. जपानी चित्रगुंडाळ्यांत एकाच दृश्यात एकच माणूस दोन-तीनदा, वेगवेगळ्या क्षणी दाखवण्याची जुनी रीत आहे आणि मी ती इथे घेतली आहे. क्योतो प्रांतातील इने गावच्या होंजोहामा येथे उराशिमाला वाहिलेले उरा जिंजा हे देवस्थान आहे. त्याची स्थापना ८२५ सालची मानली जाते आणि परंपरा त्याच वर्षी उराशिमाला परत आणते, म्हणजे ४७८ पासून ३४७ वर्षांनी. तिथे चौदाव्या शतकातील चित्रगुंडाळी जतन केलेली आहे. तिच्यात लिखित मजकूर नाही, कथा केवळ चित्रांतून पुढे सरकते, आणि देवस्थानात ती उलगडून तोंडी सांगितली जाते. पैठण शैलीतील चित्रकथींच्या पोथ्या पाहिलेल्या मराठी माणसाला ही पद्धत परकी वाटू नये.

चित्रगुंडाळी उजवीकडून डावीकडे वाचली जाते. आपल्याकडील प्रेक्षकाची नजर डावीकडून सुरू होते हे खरे, तरी दिशा मूळचीच ठेवली आहे. उजव्या किनाऱ्यावर चोवीस-पंचवीस वर्षांचा तारो होडी पाण्यात लोटत आहे, कमरेला गवताचा झगा आणि खांद्यावर गळाची काठी आहे. डाव्या किनाऱ्यावर तोच परतलेला आहे आणि त्याच्यासमोर पेटी आहे. एरवी नजर डावीकडून गेली तरी बिघडत नाही, कारण मग परिणाम आधी आणि कारण नंतर असे वाचन होते, आणि उराशिमालाही काय घडले ते उलट क्रमानेच कळते.

दोन्ही किनाऱ्यांमागची डोंगररेषा अगदी तंतोतंत सारखी कापणार आहे, कारण शतके उलटली तरी डोंगर बदलत नाही आणि त्याच खुणेवरून तो आपले गाव ओळखतो. बाकी सर्व बदलेल. मान्योशूतील कवितेत तो विचारतो की अवघ्या तीन वर्षांत कुंपणासकट घर नाहीसे कसे होईल. त्या कवितेचा शेवट मी घेत नसले तरी हा तपशील सोडवत नाही. उजवीकडे बांबूचे कुंपण आणि गवताने शाकारलेले घर असेल, डावीकडे तीच जागा मोकळी असेल. ओतोगिझोशीत काटक्यांच्या झोपडीतला ऐंशीच्या घरातला म्हातारा त्याला दूरची एक जुनी समाधी आणि दगडी मनोरा दाखवून ‘ती त्या उराशिमाची’ असे सांगतो, तो मनोरा डाव्या कोपऱ्यात येईल.

२ जून

कासवाचा प्रश्न. जपानी चित्रांत उराशिमाबरोबर जे कासव दिसते ते बहुधा मिनोगामे असते: पाठीमागे शेवाळाची लांब झालर असलेले, दीर्घायुष्याचे चिन्ह मानलेले कासव. अशी झालर प्रत्यक्षात गोड्या पाण्यातल्या कासवांच्या पाठीवर वाढते, समुद्री कासवावर नाही. जपानच्या किनाऱ्यांवर अंडी घालणारे प्रमुख समुद्री कासव म्हणजे लॉगरहेड, आणि उत्तर पॅसिफिकमधली या जातीची वीण जवळजवळ पूर्णपणे जपानच्याच वाळूत होते. पुण्यातल्या प्रेक्षकाने मात्र पाहिले असेल ते वेळासच्या किनाऱ्यावरचे ऑलिव्ह रिडली. दोन्हींमधला फरक कापण्यात दाखवता येतो. लॉगरहेडचे डोके मोठे असते आणि पाठीच्या मधल्या रांगेच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच ढालपट्ट असतात, रिडलीला ते बहुधा सहा किंवा त्याहून जास्त असतात.

मी लॉगरहेड कापणार आहे आणि झालर वगळणार आहे. चित्रपरंपरेच्या दृष्टीने हा आडमुठेपणा ठरेल, पण सुटलेले कासव इथे लाटांमधून दूर जाताना दिसणार आहे आणि लाटांच्या रेषांत झालर हरवूनच गेली असती. फुदोकीतले पाच रंग वेगळ्या मार्गाने आत आणले आहेत: प्रत्येक बाजूच्या पाच ढालपट्टांच्या जागा कापून मागून पाच वेगळ्या रंगांचा पातळ कागद लावायचा.

९ जून

कागद आला. पहिल्या थरासाठी २२० जीएसएमची (ग्रॅम प्रति चौरस मीटर) गडद निळी, जवळजवळ काळी कार्डशीट. लाटांसाठी ७० जीएसएमचा हातकागद, नीळ दिलेला. वाड्याच्या भिंतीसाठी १८० जीएसएमचा मोतिया कागद. ऋतूंच्या खिडक्यांसाठी कोझो या तुतीच्या जातीच्या झाडाच्या तंतूंचा वाशी, म्हणजे पारंपरिक जपानी कागद. धुक्यासाठी तेन्गुजो. थरांमध्ये अंतर ठेवण्यासाठी ५ मिलिमीटरच्या सनबोर्डाच्या पट्ट्या.

तेन्गुजो हा शिकोकू बेटावरील कोची प्रांतात बनणारा अतिशय पातळ कागद असून जगभरच्या संग्रहालयांत जुन्या कागदपत्रांच्या डागडुजीसाठी वापरला जातो. हातात धरला तर आहे की नाही असे वाटावे, तरीही सहजासहजी फाटत नाही, कारण कोझोचा तंतू सुमारे एक सेंटिमीटर लांब असतो, लाकडाच्या लगद्यातल्या तंतूपेक्षा कितीतरी जास्त, आणि हे लांब तंतू एकमेकांत गुंतून राहतात. २०१४ साली युनेस्कोने हाताने वाशी बनवण्याची कला अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. यादीपेक्षा कागदाची ओली ताकद मला अधिक उपयोगी आहे.

१४ जून

लाटांचे चारही थर कापून झाले. आकारासाठी प्रथम सेइगाइहा, म्हणजे एकात एक कमानींचे प्रसिद्ध जपानी लाटनक्षीचे वळण, काढून पाहिले. ते कापडावर शोभते, पण इथे चार थर एकामागे एक आल्यावर कमानींच्या रेषा एकमेकींना छेदून डोळ्यांपुढे जाळी तयार होते आणि समुद्र दिसेनासा होतो. म्हणून नक्षी फक्त दुसऱ्या थरात, तीही उजव्या किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यापुरती ठेवली. त्यामागच्या थरांत मोकळ्या, लांब आडव्या लाटा आहेत आणि पाचव्या थरापर्यंत त्या जवळजवळ सरळ रेषा होतात.

रंगाच्या बाबतीत मात्र मनासारखे जमून आले. एदो काळातील (१६०३ ते १८६८) लाकडी ठशांच्या छपाईत निळ्याची छटा हळूहळू उतरवण्यासाठी ठशावरच शाई ब्रशने पुसून फिकट करत, त्या कौशल्याला बोकाशी म्हणतात, आणि १८३० च्या सुमारास प्रशियन निळा रंग मुबलक मिळू लागल्यावर समुद्र आणि आकाश यांची चित्रे तिने भरून गेली. माझ्याकडे शाई नाही, पण चारही थर एकाच निळ्या, अर्धपारदर्शक कागदाचे असल्याने जिथे चार थर एकमेकांवर येतात तिथे रंग गडद होतो आणि जिथे एकच उरतो तिथे फिकट. लाटांची वरची कड प्रत्येक थरात थोडी थोडी उंच कापत गेल्याने तळापासून क्षितिजापर्यंत छटा आपोआप उतरते.

२५ जून

चार ऋतूंच्या खिडक्या. संपूर्ण कामातला हा भाग मला सर्वांत प्रिय आहे आणि आजच्या मुलांच्या गोष्टीतून तो बहुतेक वेळा वगळला जातो याचे वाईट वाटते.

ओतोगिझोशीत ती स्त्री उराशिमाला वाड्याची चार दारे एकेक करून उघडून दाखवते. पूर्वेचे दार उघडताच वसंत आहे: उमे (जपानी आलुबुखार) आणि साकुरा (चेरी) फुललेले, विलोच्या फांद्या वाऱ्यावर, आणि वळचणीजवळ उगुइसू पक्ष्याचा आवाज. दक्षिणेला उन्हाळा: पांढऱ्या उनोहानाचे कुंपण, तळ्यात दव पडलेली कमळे, पाणपक्षी आणि रातकिड्यांसारखे किरकिरणारे सेमी कीटक. पश्चिमेला शरद: लाल पाने, पांढरी शेवंती, हागीच्या फुलांवरचे दव आणि हरणाची साद. उत्तरेला हिवाळा: बर्फात बुडालेल्या दऱ्या आणि कोळसा पाडणाऱ्यांच्या भट्टीतून वर चढणारा एकाकी धूर. चारही ऋतू एकाच वेळी चालू असलेल्या घरात वर्ष सरल्याची खूण मिळणे शक्यच नाही. पाने गळताना दिसली की माणसाला काळ जाणवतो, आणि इथे पाने कायमच गळत आहेत. तीन वर्षे कशी गेली हे तारोला कळले नाही याची याहून चांगली कारणमीमांसा कोणत्याही आवृत्तीत नाही.

सातव्या थरातल्या भिंतीला म्हणून चार खिडक्या आहेत आणि त्यांच्या मागे, फक्त ३ मिलिमीटर अंतरावर, आठवा थर चार तुकड्यांत आहे. प्रत्येक खिडकीत एकच गोष्ट कापायची असे ठरवले, नाहीतर तळहाताएवढ्या जागेत पंचांगाचे पान तयार होईल. वसंतात उमेची फांदी, उन्हाळ्यात कमळ, शरदात हरीण. हिवाळ्यात झाड नाही, प्राणी नाही, केवळ भट्टीचा धूर. पहिल्या थरात पेटीतून जो धूर निघणार आहे त्याच कागदाचा आणि त्याच वळणाचा हा धूर असेल, त्यामुळे सुखाच्या घरातच पुढच्या घटनेची नक्कल आधीपासून टांगलेली दिसेल. मूळ गोष्टीला हा संबंध अभिप्रेत आहे असा माझा दावा नाही, चित्रकाराच्या सोयीने मी तो जोडला आहे.

खिडक्यांचा वाशी चिकटवण्यासाठी गव्हाच्या चिकाची खळ वापरली. जपानमध्येही वाशीच्या कामाला गव्हाचाच चीक घेतात. फेविकॉल वाळल्यावर कागद ताठ होतो आणि दिव्यासमोर त्याचे डाग दिसतात, खळीचे दिसत नाहीत.

६ जुलै

पावसाळी हवेत कागद ओलावा घेतो आणि तंतूंच्या आडव्या दिशेने फुगतो, म्हणून सर्व थरांची तंतुदिशा आडवी ठेवली आहे. फुगले तरी सगळे एकाच दिशेने फुगतील. चौकटीच्या आत प्रत्येक थराला चारही बाजूंनी २ मिलिमीटर मोकळीक दिली.

१५ जुलै

पेटीतला धूर. थरचित्रातला प्रत्येक थर एकसंध असावा लागतो, मधला एखादा भाग चारही बाजूंनी कापला की तो गळून पडतो, म्हणून त्याला कुठेतरी कागदाचा दुवा ठेवावा लागतो. झाडाला फांद्या असतात, लाटेला कड असते, त्यामुळे तिथे दुवे लपून जातात. तीन वेगळ्या, एकमेकींना न टेकणाऱ्या धुराच्या लहरींना मात्र दुवा दिला तर त्या धूर न राहता वेल होतात. आणि लहरी तीनच हव्यात, कारण ओतोगिझोशीत पेटीतून जांभळ्या ढगाच्या तीन लहरी वर जातात असे स्पष्ट आहे.

उत्तर मिळाले ते इसे कातागामीत. मिए प्रांतातल्या सुझुका शहराच्या शिरोको आणि जिके भागांत किमोनोच्या कापडावर नक्षी उठवण्यासाठी हे कागदी छाप कापले जातात. वाशीचे ताव पर्सिमन फळाच्या तुरट रसाने एकमेकांना चिकटवून तपकिरी, पाण्याला दाद न देणारा कागद तयार करतात आणि त्यावर हातभर अंतरावरूनही वेगळ्या न दिसणाऱ्या रेषा कापतात. अशा नाजूक छापांत रेषा हलू नयेत म्हणून इतोइरे ही युक्ती होती: कापून झालेल्या कागदाचे दोन पदर सोडवायचे, त्यांच्यामध्ये रेशमाचे बारीक धागे ताणायचे, आणि दोन्ही पदर नक्षीवर नक्षी अचूक बसवून पुन्हा चिकटवायचे. नंतरच्या काळात रेशमी जाळी चिकटवण्याची सोपी पद्धत आल्यावर हे काम मागे पडले.

मला कापड रंगवायचे नसल्याने काम पुष्कळ सोपे आहे. जांभळट तेन्गुजोचे दोन ताव एकत्र टाचून तिन्ही लहरी एकदमच कापल्या, म्हणजे दोन जुळे संच मिळाले. एक संच काचेवर मांडून त्यावर रेशमाचा सुटा धागा आडवा ताणला, खळ लावली आणि दुसरा संच वर बसवला. धाग्याची टोके पहिल्या थराच्या मागे, डोंगररेषेच्या आडोशाला बांधली. दिवा लावल्यावर धागा शोधावा लागतो.

पेटीचा आकारही याच वेळी निश्चित केला. ती त्या स्त्रीची फणीपेटी आहे, झाकणाची आणि दोरीने बांधलेली. आवृत्त्या बदलल्या तरी ही वस्तू टिकून राहिली आहे. ओतोगिझोशी सांगते की कासवीने उराशिमाचे वय घडी घालून त्या पेटीत ठेवले होते. कागदाचे काम करणाऱ्याने हे वाक्य वाचून नुसते पुढे जाणे अशक्य आहे. पेटीच्या उघड्या तोंडात तेन्गुजोची पंख्यासारखी बारीक घड्यांची पट्टी बसवली असून धुराची सर्वांत खालची लहर त्या घड्यांमधूनच उलगडत वर जाते.

२३ जुलै

शेवट कोणता दाखवायचा यावर वर्गात दोन तट पडले. तरुण विद्यार्थ्यांना मान्योशूतला मृत्यू हवा होता, कारण तो प्रामाणिक वाटतो. सेन्सेई ओतोगिझोशीच्या बाजूने होत्या. त्यात सातशे वर्षे एका क्षणात अंगावर आल्यावर उराशिमा क्रौंच पक्षी होऊन आकाशात उडतो, होराईकडे जातो, कासवीची आणि त्याची पुन्हा भेट होते आणि दोघे देवरूपाने पूजले जातात. क्रौंच आणि कासव ही जोडी जपानमध्ये लग्नाच्या आणि शुभकार्याच्या वस्तूंवर सर्वत्र दिसते, त्यामुळे हा शेवट जोडलेला आणि गोड वाटणे साहजिक आहे.

माझे मत सेन्सेईंकडे झुकते, पण कारण वेगळे आहे. या चित्रात सर्व प्रवास पुढून मागे जातो. क्रौंच होराईकडे उडाला तर तो पहिल्या थरातून नवव्या थराकडे जाईल, आणि त्यामुळे डावा किनारा मागच्या पर्वताशी जोडला जाईल. मृत्यू घेतला तर डावी बाजू पुढच्याच थरात बंद पडते. म्हणून क्रौंच कापला, तोही स्वतंत्र आकृती म्हणून नाही: धुक्याच्या सहाव्या थरात त्याच्या आकाराची पोकळी ठेवली आहे, तिच्यातून मागच्या पर्वताचा उजेड थेट पुढे येतो. पुढच्या थरात बसलेला वृद्ध तारो मात्र तसाच राहील. म्हातारपण झाकायचे नाही.

होराई पर्वताचा नववा थर याच आठवड्यात पूर्ण झाला. त्यात विशेष काही लिहिण्यासारखे नाही.

३० जुलै

दिवे आणि अंतरे. पहिल्या चार फटी प्रत्येकी ५ मिलिमीटर, धुक्याच्या पुढे आणि मागे १० मिलिमीटर, वाडा आणि ऋतूंमध्ये ३, आणि पर्वताआधी पुन्हा १०. सगळी अंतरे समान ठेवली असती तर बाजूने पाहताना सर्व थर एकाच प्रमाणात सरकले असते आणि चित्र जिन्यासारखे दिसले असते. आता पुढचा किनारा आणि समुद्र एकजीव हलतात आणि वाडा त्यांच्यापासून सुटा, मागे राहतो.

एलईडी पट्टीवर मीटरला ६० दिवे आहेत, म्हणजे दोन दिव्यांत सुमारे १७ मिलिमीटर अंतर. दुधी अॅक्रिलिक त्यांच्यापासून २५ मिलिमीटर पुढे ठेवले तेव्हा ठिपके दिसणे थांबले. पिवळसर ३००० केल्विनच्या दिव्यात निळे कागद मळकट हिरवे दिसतात, ४००० केल्विनमध्ये समुद्र निळा राहतो आणि शरदातल्या खिडकीचा लालही फिका पडत नाही.

उजळलेली चौकट पाहायला आलेल्या शेजारच्या काकूंना आधी आकाशकंदील आठवला. तुलना अगदीच चुकीची नाही, आणि जपानलाही तिचे वावडे नसावे. एदो आणि मेइजी काळात तातेबानको नावाची कागदी दृश्ये लोकप्रिय होती: ठशाने छापलेला ताव विकत घ्यायचा, घरी आकृत्या कापून पुढे-मागे उभ्या करायच्या आणि उन्हाळ्याच्या संध्याकाळी दिवा लावून नाटकातला प्रसंग किंवा एखादे प्रसिद्ध ठिकाण पाहायचे. होकुसाईनेही असे ताव रेखाटले होते. थरचित्राचे आजचे रूप नवे असले तरी त्याचा जपानी वंश इथपर्यंत मागे नेता येतो.

८ ऑगस्ट

चित्र वाचनखोलीच्या उत्तरेकडील भिंतीवर लावले. ही भिंत मुद्दाम निवडली, तिच्यावर थेट ऊन येत नाही आणि नीळ दिलेल्या हातकागदाचा रंग उन्हाने उडतो. उंची अशी ठेवली की उभ्या माणसाचे डोळे क्षितिजरेषेच्या किंचित वर येतील. खाली बसून पाहिल्यास लाटा वाड्याच्या खिडक्या झाकतात, म्हणून वाचनाची बैठक समोरच्या भिंतीला सरकवली.

शेजारच्या पाटीसाठी मजकूर दिला आहे. हे दृश्य ओतोगिझोशीतल्या कथेवरून घेतले आहे, कुंपणाचा तपशील मान्योशूतला आणि कासवाचे पाच रंग तांगो फुदोकीतले आहेत, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. पाण्याखालचा महाल का नाही हे विचारले जाणारच, त्याचे उत्तर एका वाक्यात तिथेच आहे. एका विद्यार्थ्याने समुद्रापासून दूर नागानो प्रांतातल्या नेझामे-नो-तोको या खडकाळ घळीचा उल्लेख पाटीवर घालण्याची सूचना केली. किसो नदीकाठच्या त्या ठिकाणीच उराशिमाने पेटी उघडली असे तिथली आख्यायिका सांगते आणि खडकावर त्याचे छोटे देवस्थानही आहे. डोंगरातला उराशिमा हा विषय मोठा रंजक आहे, पण या चित्रात डोंगरातली नदी कुठेच नसल्याने तो पाटीवर घेतला नाही.

मागची फळी चार स्क्रूंनी बसवली आहे, एलईडीचा अॅडॉप्टर बदलायचा असेल तर कागदाच्या थरांना हात लावावा लागत नाही. ओलावा शोषणाऱ्या सिलिकाच्या दोन पुड्या खालच्या कडेला आहेत, त्या दर पावसाळ्याआधी बदलाव्यात. दिवा सलग दिवसभर चालू ठेवू नये, वर्गाच्या वेळेपुरता लावावा, असे वर्गाला लेखी कळवले आहे.